उत्तरेकडच्या भिंतीचे बिऱ्हाडे आबा

१७ जानेवारी १९८८, रविवार, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. ही वेळ मी आठवणीवर विसंबून सांगत नाही. बिऱ्हाडे आबांच्या वहीत ती नोंदलेली आहे आणि तिच्यापुढे माझ्याविषयीचा पहिला शेरा आहे : ‘एक ताई भेटल्या. घड्याळ बरोबर आहे.’

धुळ्याच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायला लागून मला तेव्हा सहा महिने झाले होते. घर जळगावला, इथे भाड्याची एक खोली. ती ज्या गल्लीत होती तिच्या तोंडाशी एक जुनी दगडी शाळा होती. काळ्या दगडाच्या आठ खांबांचा व्हरांडा, त्यामागे पाच वर्ग, वर सागवानी कैच्यांवर तोललेले कौलारू छप्पर. दोन वर्षांपूर्वी वर्ग नव्या इमारतीत हलवले गेले होते आणि तेव्हापासून ही वास्तू कुलपात होती. मी रोज तिच्यावरून जात असे आणि ती मला दिसत नसे. माझे लक्ष पुण्याच्या संशोधनवृत्तीकडे लागलेले होते. धुळे हा माझ्या आयुष्यातला एक थांबा आहे, इतकेच मी त्या गावाविषयी ठरवले होते.

त्या सकाळी खाकी सदरा घातलेला, कानांभोवती मफलर गुंडाळलेला एक उंच, वाळका म्हातारा हातोडीने शाळेचे खांब ठोकत होता. प्रत्येक खांबाला तीन ठोके : पायाशी, कमरेशी आणि हात पोचेल तितके वर. ठोका दिला की दगडाला कान लावायचा. अंगणातच उभे राहून तो हे सगळे करत होता. मी थांबले, तसे त्याने वळून विचारले,

“कितला वाजनात, ताई?”

“सात वीस.”

“नक्की, का अंदाजे?”

“सात वीस आणि चाळीस सेकंद.”

त्याने हातोडी खाली ठेवली, माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हटले, “मंग इकडे या.”

शाळेच्या उत्तरेकडच्या भिंतीत, खिडकीच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत एक तिरपी भेग उतरली होती. तिच्या मध्यावर चुन्याच्या दोन गोळ्यांत बोटभर रुंदीची काचेची पट्टी आडवी बसवलेली होती.

“गणपतीमा लायी ही काच. आजून साबूत शे. म्हंजे भित जागावर शे.”

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि कोणाच्याही पद्धतीतला दोष दाखवण्याची संधी सोडत नसे. मी सांगितले की काच फक्त हो किंवा नाही एवढेच सांगते. किती, ते सांगत नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना पितळी खिळे ठोकून त्यांच्यातले अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजले, तर मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा कळेल. आमच्या प्रयोगशाळेत तसे कॅलिपर आहे.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. “मंग लई या. पुढला रविवारे. सात वीसले.”

ती विनंती नव्हती. पाळी लावावी तशी त्यांनी माझी पाळी लावली होती. आणि मी गेले.

शंकर बिऱ्हाडे हे रेल्वेत चावीवाले होते. रुळांना स्लीपरवर घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाड्यांच्या हादऱ्याने सैल होतात. चावीवाला रोज सकाळी आपल्या हद्दीतला मार्ग पायी तुडवत एकेक चावी ठोकून बसवतो. धुळे-चाळीसगाव मार्गावर आबांनी हे एकतीस वर्षे केले. त्याचे अवशेष त्यांच्या शरीरात उरले होते. त्यांचे पाऊल ठराविक अंतरावरच पडे. स्लीपर ते स्लीपर. रस्ता कितीही मोकळा असला तरी ते लांब टांग टाकू शकत नसत, आणि त्यांच्याबरोबर चालणारा माणूस एकतर पुढे जाई किंवा मागे राही. बरोबरीने कोणीच चालू शकत नसे. नजर सतत जमिनीवर. माणसे त्यांना चेहऱ्यांपेक्षा चपलांवरून अधिक ओळखू येत.

त्यांची नोंद करण्याची रीतही रुळांवरचीच. दर दिवशी तारीख, वेळ, हवा आणि शेरा. शेऱ्यात ‘बहुतेक’, ‘साधारण’, ‘वाटते’ हे शब्द त्यांना चालत नसत. एकदा मी घाईत ‘अंतर सुमारे ६२.५’ असे म्हटले, तर त्यांनी माझ्या हातातला पेन काढून घेतला आणि मी पुन्हा मोजेपर्यंत तो परत दिला नाही. “सुमारेवर गाडी सोडतस का कोणी?” एवढेच म्हणाले. दुसरे वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असे : “दखायनं ते सांगानं. दखायनं नही, ते बी सांगानं.” दिसले ते सांगायचे, दिसले नाही, तेही सांगायचे. संशोधनपद्धतीवर मी पुढे बरीच व्याख्याने ऐकली. त्यांतल्या कोणत्याही व्याख्यानात इतक्या थोड्या शब्दांत इतके सांगितलेले मला आढळले नाही.

कोपऱ्यावरचा चहावाला त्यांची थट्टा करी. “ओ चावीवाले आबा, आज शाळा कितली लेट शे?” आबा थांबत, घड्याळ नसलेल्या मनगटाकडे पाहत आणि गंभीरपणे उत्तर देत, “राइट टाइम.” चहावाला हसे, आबा हसत नसत. पत्नी वारून सहा वर्षे झाली होती. मुलगा सुभाष वरणगावच्या कारखान्यात नोकरीला होता आणि तिथल्या वसाहतीत राहत होता. आबा गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहत. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली एक ट्रंक, ट्रंकेवर वह्या. दिवसातून एकदाच, सकाळी, भाकरी आणि कांद्याचे कालवण करत, संध्याकाळी तेच. समितीच्या बैठका सोडल्या, तर त्यांना मी दुसऱ्या कोणाच्या घरी जाताना पाहिले नाही आणि त्यांच्याकडेही माझ्याखेरीज कोणी येताना पाहिले नाही.

आता त्या काचेविषयी. ज्या संस्थेच्या मालकीची ती शाळा होती, तिने १९८७ मध्ये ती पाडून तिथे दुकानांचे गाळे आणि वर सभागृह बांधायचे ठरवले. गावातल्या काहींनी मिळून शाळा बचाव समिती काढली. एक वकील, दोन निवृत्त मास्तर, एक छायाचित्रकार, काही माजी विद्यार्थी, आणि आबा. समितीत त्यांना कोणी बोलावले नव्हते. पहिल्या सभेला ते आपणहून जाऊन मागच्या दाराशी उभे राहिले, असे वकिलांनीच मला पुढे सांगितले. सभेत संस्थेचे चिटणीस म्हणाले, “भावना समजतात मला. पण उत्तरेची भिंत फाटली आहे. अंगणात पोरं खेळतात. उद्या ती कोसळली, तर जबाबदार कोण?” प्रश्न रास्त होता. समितीतले सगळे वास्तूच्या सौंदर्याबद्दल बोलू लागले. तेव्हा मागून आबा म्हणाले, “भित चालस का उभी शे, ते मी पाहीसन सांगस. दर महिनानी एक तारीखले. चालनी तर चालनी म्हनसू.”

चिटणीसांना हा तोडगा सोयीचा वाटला असावा. भर सभेत त्यांनी शब्द दिला की जोवर आबांची काच शाबूत आहे, तोवर संस्था शाळेला हात लावणार नाही. त्या दिवसापासून दर महिन्याच्या एक तारखेला एक पोस्टकार्ड चिटणीसांकडे जाऊ लागले. मजकूर नेहमी एकच : ‘काच पाहिली. शाबूत आहे. भिंत जागेवर आहे. सही.’

याचा अर्थ असा, की त्या शाळेचे आयुष्य एका म्हाताऱ्याच्या खरेपणावर टांगलेले होते. हे सगळ्यांना ठाऊक होते. फक्त खरेपणा ही दोन्ही बाजूंनी कापणारी वस्तू आहे, याचा विचार समितीत कोणी केला नव्हता.

२४ जानेवारीला आम्ही पितळी खिळे ठोकले. खिळ्यांच्या माथ्यांमधले पहिले अंतर ६२.४ मिलिमीटर भरले. तेव्हापासून दर रविवारी सात वीसला मी कॅलिपर घेऊन जात असे. वेळ तीच का, असे मी विचारले तेव्हा आबांनी मला सांगितले की रुळांच्या जोडातली फट सकाळी वेगळी असते आणि दुपारी वेगळी. रोज वेगळ्या वेळी मोजणारा माणूस लोखंड मोजत नाही, ऊन मोजतो. तापमान स्थिर ठेवण्याची ही अट मीच त्यांना समजावून सांगणार होते.

आकडा मी वाचायचा आणि वहीत मीच लिहायचा, असे ठरले. “तुमना हात थिर शे. मना आते कापस.” फेब्रुवारीत ६२.४, मार्चच्या सुरुवातीला ६२.५. आमच्यात बोलणे फार होत नसे. मोजून झाले की आबा अंगणातल्या कडुनिंबाच्या मुळीवर बसत आणि मी व्हरांड्याच्या पायरीवर. मी त्यांना वर येऊन बसायला सांगे. ते “आठेच बरं शे” म्हणत. मला ते त्यांच्या विक्षिप्तपणाच्या यादीतले आणखी एक कलम वाटले.

१० एप्रिलला काच फुटलेली आढळली.

मधोमध, सरळ रेषेत. दोन तुकडे चुन्यात जागच्या जागी होते आणि त्यांच्यामध्ये केसाएवढी फट होती. खिळ्यांमधले अंतर ६३.३. आबांनी बोटाने काचेच्या कडा चाचपल्या. मग वही माझ्यापुढे धरली. “लिखा.”

त्या आठवड्यात वकिलांच्या घरी समिती जमली. मी कोपऱ्यात बसले होते. वकील अनुभवी होते, आवाज न चढवता बोलत.

“आबा, काच काय, पोरांच्या चेंडूनंही फुटते.”

“चेंडूनी फुटनी असती, तर तुकडा पडता.”

“बरं. मग दुसरी काच लावा. नवी. एक तारखेला ‘काच शाबूत आहे’ असं लिहा. ते खोटं नाही. नवी काच शाबूतच असेल.”

सगळे थोडे हसले. आबा हसले नाहीत. “वकीलसाहेब, सैल चावी दखाईसन मी ‘ठीक’ लिखतू, आन वरतीन गाडी जाती?”

“ही गाडी नाही, आबा. ही शाळा आहे. तुम्ही लिहाल, तर ती जाईल.”

“दखायनं ते सांगानं,” आबा म्हणाले.

वकिलांनी शेवटी जे विचारले ते रागाने नव्हते. ते थकून विचारलेले होते. “बिऱ्हाडे, तुम्ही आमचे साक्षीदार आहात की त्यांचे?”

“मी भितना साक्षीदार शे.”

तिथून परतताना मी आबांना माझे अनुमान सांगितले. धुळ्याची जमीन काळी आहे. ती उन्हाळ्यात आक्रसते आणि पावसाळ्यात फुगते. पाया तिच्याबरोबर हलत असणार. भेग रुंदावते आहे ती भिंत पडते आहे म्हणून असेल असे नाही. ती ऋतूबरोबर उघडत-मिटत असेल. तसे असेल, तर सप्टेंबरपर्यंत अंतर पुन्हा ६२ च्या आसपास यायला हवे.

आबा चालता चालता थांबले. एरवी ते थांबत नसत. “हाई तुमले नक्की माहीत शे?”

“नाही. अनुमान आहे. पावसाळ्याचे आकडे हातात आल्याशिवाय सिद्ध होणार नाही.”

“मंग हाई तुम्ही लिखी धाडा. मना कार्डवर मी दखायनं तेच लिखसू. तुमनं शास्तर तुम्ही लिखा.”

मी नाही लिहिले. का, ते इथे नोंदवते, कारण ते उत्तर अगदी माझ्यासारख्या माणसांचे आहे : अर्ध्या आलेखावर सही करणे मला अप्रामाणिक वाटले. तीन महिन्यांची चढती रेषा माझ्याकडे होती, उतरती एकही नव्हती. शिवाय जूनमध्ये पुण्याला मुलाखत होती. ‘अपुऱ्या निरीक्षणांवरून निष्कर्ष काढणाऱ्या’ उमेदवाराचे पत्र एखाद्या संस्थेच्या दप्तरात पडून राहावे, हे मला नको होते. मी आबांना म्हटले, सप्टेंबरात पूर्ण आलेखच देऊ. त्यांनी मान डोलावली. पूर्ण नोंद झाल्याखेरीज शेरा द्यायचा नाही, हे त्यांना मान्य होण्यासारखेच होते. ज्याने पाहिले त्याला गप्प राहता येत नव्हते आणि जिला कारण ठाऊक होते ती बोलायला तयार नव्हती. शाळा या दोन प्रामाणिकपणांच्या मध्ये सापडली.

१ मेचे पोस्टकार्ड आबांनी मला सांगून लिहून घेतले. ‘काच फुटली आहे. खिळ्यांमधील अंतर जानेवारीत ६२.४ मिलिमीटर होते, आज ६४.२ आहे. भिंत हलली आहे.’ अक्षर माझे, सही त्यांची. टपालपेटीपर्यंत आम्ही दोघे गेलो. कार्ड आत पडल्यावर त्यांनी पेटीच्या झाकणाला हाताने एकदा दाबून पाहिले.

पुढच्या सभेत चिटणीसांनी ते कार्ड वाचून दाखवले. विजयाचा कोणताही आविर्भाव नव्हता. उलट त्यांनी आबांचे आभार मानले. “इतका सचोटीचा माणूस समितीत होता, हे गावाचं भाग्य.” ठराव दहा मिनिटांत झाला. आबा दाराशी उभे होते. सभा सुटल्यावर माणसे त्यांच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडली. पाणी खांबाला वळसा घालून जाते तशी. छायाचित्रकाराने तेवढे “चला, आबा” म्हटले, पण उत्तरासाठी तो थांबला नाही.

त्यानंतर चहावाल्याने थट्टा करणे बंद केले. मला वाटते, आबांना त्याचा सर्वांत जास्त त्रास झाला. त्या कोपऱ्यावर आले की त्यांचे पाऊल किंचित रेंगाळे, आणि मग पुढे पडे.

मेच्या शेवटच्या रविवारी सुभाष आला. नेमस्त, नीटनेटका, तिशीतला. वडिलांना घेऊन जायला आला होता. सकाळचे साडेसात वाजत होते आणि ऊन आताच अंगाला चटके देत होते. मी आणि सुभाष व्हरांड्याच्या सावलीत उभे राहिलो. अंतर ६५.१ भरले होते. वर्षातले सर्वांत मोठे. आबा बाहेर उन्हात उभे राहून हवेचा रकाना भरत होते.

“आबा, सावलीत या ना,” मी म्हटले.

“ते येणार नाहीत,” सुभाष म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून, “तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी? याच व्हरांड्यात बसायचे ते शाळेत असताना. वर्गात घेत नव्हते. मास्तर आत शिकवायचा, हे बाहेरून ऐकायचे.” त्याने आवाज चढवला, बापाला ऐकू जावे म्हणून. “ज्या शाळेनं तुम्हाला बाहेर बसवलं, तिच्यासाठी उन्हात उभे आहात, आबा. पडू द्या की तिला. मी तर पेढे वाटेन.”

आबांनी हवेचा रकाना पूर्ण केला. वही बंद केली. मग जवळ आले, पण पायरीखालीच थांबले. “चार वरीस तठेच बसेल शे मी. पुरं झायं बसनं.” आणि माझ्याकडे वळून, “चौथा खांब दखा, ताई. मांगली बाजू. खाले.”

मी वाकून पाहिले. जमिनीपासून हातभर उंचीवर, दगडात उभ्या खाचा होत्या. गुळगुळीत, उथळ, एकमेकींना चिकटून. पाटीवरची पेन्सिल घासून टोकदार करताना दगड झिजतो तशा. मी मोजल्या. अकरा होत्या.

“मनी तिसरी. बाकीन्या मना पहिले बसेल पोरेसन्या, मना नंतरना पोरेसन्या. आत, वर्गमा, एक बी खाच नही. आतला पोरे घरून टोक काढीसन येत. आम्हना घरमा दगड बी नव्हता.” ते सुभाषकडे पाहत म्हणाले, “शाळा पडनी, तर तुना पोरे इचारतीन, ‘आजाले खरंच बाहेर बसाडेल व्हतं का?’ तवा तू काय दखाडशी? मनं तोंड?”

समितीच्या पत्रकांत त्या शाळेविषयी पुष्कळ छापले गेले होते : तिच्या कमानी, तिचे सागवान, तिथे शिकून मोठी झालेली माणसे. त्या खाचांचा उल्लेख कुठेच नव्हता. आबांनी समितीलाही त्या दाखवल्या नव्हत्या. का, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले की कोणी विचारले नाही.

दुपारच्या एसटीने सुभाष एकटाच परत गेला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात अंतर ६५.० झाले, मग ६४.७. १० जुलैला ६४.०. रेषा वळली होती. मी दोन दुपारी प्रयोगशाळेत बसून आलेख काढला आणि संस्थेला पाच पानांचे पत्र लिहिले : माती, ओलावा, पाया, अनुमान, विनंती. पत्राची पोच आली. चिटणीसांनी शिष्टपणे कळवले होते की काम आधीच मुकादमाला दिले गेले आहे. मात्र माझे निरीक्षण ‘अत्यंत अभ्यासपूर्ण’ आहे. दहा आठवड्यांपूर्वी ते पोचले असते तर काय झाले असते, हे मला ठाऊक नाही, आणि मला ठाऊक नाही असेच मी लिहिले पाहिजे.

मी ते उत्तर आबांना वाचून दाखवले. मला काहीतरी ऐकून घ्यायचे होते. त्यांनी एवढेच विचारले, “पुनाले कधी जातस?”

संशोधनवृत्ती मिळाली होती. जुलैच्या अखेरीस मी गेले. कॅलिपर प्रयोगशाळेचे होते, ते परत करावे लागले. आबांची पोस्टकार्डे पुण्याला येऊ लागली, दर एक तारखेला नव्हे, दर सोमवारी. अक्षर वाकडेतिकडे, मजकूर एका ओळीचा. ‘कौले काढली.’ ‘दारे नेली.’ ‘खांब पाडले. गाडीने नेले, कोठे ते कळले नाही.’ नंतर चौकशी करून त्यांनी कळवले की ते दगड जवळच्याच एका गावात कोणाच्या तरी शेताच्या कुंपणाला लागले. पहिल्या दोन कार्डांना मी उत्तर दिले. नंतरची सात अनुत्तरित राहिली. नवी प्रयोगशाळा होती, नवे मार्गदर्शक होते. मी कामात होते. हे सगळे खरे आहे. त्या सात सोमवारी मला उत्तर लिहायला दहा मिनिटे नव्हती, हे मात्र खरे नाही.

ऑक्टोबरात जुन्या महाविद्यालयाकडून एक दाखला आणायचा म्हणून मी धुळ्याला गेले. ती आमची शेवटची भेट ठरली. पुढच्या वर्षी सुभाष त्यांना वरणगावला घेऊन गेला आणि तिथेच ते वारले. मला ते दोन महिन्यांनी, सुभाषने त्यांची वही टपालाने पाठवली तेव्हा, कळले. पण त्या ऑक्टोबरात, १६ तारखेला, रविवारी, मी सात वाजून दहा मिनिटांनी गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा ते तिथे होते.

व्हरांडा नव्हता, वर्ग नव्हते, छप्पर नव्हते. मोकळ्या जागेत विटकरी धूळ आणि मधोमध एकच गोष्ट उभी होती : उत्तरेकडची भिंत. तिच्या पायथ्याशी मुकादम कपाळाला हात लावून बसला होता.

“मॅडम, तुम्ही या म्हाताऱ्याच्या ओळखीच्या का? सांगा त्याला. तीन दिवस झाले, चार माणसं पहारी मारताहेत. बाकीन्या भिती आठ दिवसात पाड्यात, पन हाई भित काही पडत नही. म्हने धोकादायक व्हती!”

आबा भिंतीजवळ उभे होते. आणखी वाळले होते; खाकी सदरा खांद्यांवरून उतरला होता. माझ्या चपलांकडे पाहून त्यांनी मान वर केली. कशा आहात, कधी आलात, पत्रे मिळाली का, यांतले त्यांनी काहीही विचारले नाही. जणू मी मागच्या रविवारी आले होते आणि पुढच्या रविवारी येणार होते.

“कॅलिपर आनं का?”

या वेळी ते माझे स्वतःचे होते, पुण्यात घेतलेले. मी पिशवीतून काढले. पितळी खिळे जागच्या जागी होते, हिरवट पडलेले. आबांनी ते सदऱ्याच्या टोकाने पुसले. मुकादम उठून बघायला आला. मी पहिले माप घेतले, मग खात्रीसाठी दुसरे, मग तिसरे. तिन्ही सारखी आली. आबांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. आधीच्या पानांवरचे जानेवारीचे ६२.४ आणि मेचे ६५.१ माझ्याच अक्षरात होते. नंतरच्या पानांवर तारखा, वेळा, हवा, सगळे त्यांच्या हातचे. अंतराचा रकाना जुलैनंतर दर रविवारी कोरा सोडलेला.

“छप्पर नसल्यामुळे वरचा भार गेला आहे, आबा,” मी म्हटले. “शास्त्राच्या दृष्टीने हा आकडा आधीच्या आकड्यांशी जोडता येणार नाही.”

“मंग शेरामा लिखा तसं.”

“आता हा पाठवायचा कोणाला?”

“पाठाडाना नही. दखायना, म्हनीसन लिखाना.”

मुकादमाने माणसांना हाक मारली. पहारी पुन्हा उचलल्या गेल्या. आबा भिंतीपासून तीन पावले मागे सरले, स्लीपरच्या अंतरावरची तीन पावले, आणि मी लिहून होईपर्यंत वही दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. त्यांचे हात कापत होते, म्हणून अक्षर थोडे हलले आहे. आकडा वाचता येतो.

१६ ऑक्टोबर १९८८. सकाळी ७.२०. हवा कोरडी. शेरा : छप्पर नाही. अंतर : ६२.२.